धर्म : निरंक

सरकारी कचेरीत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कुठलाही फॉर्म हातात आला की तो आधी रिकामे रकाने शोधतो. रिकामा रकाना म्हणजे अर्ज परत. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत अशा जागी 'निरंक' असा छान शब्द लिहितात. आमच्या गोव्यात बहुतेक कारभार इंग्रजीत, त्यामुळे आम्ही 'निल' लिहून मोकळे होतो. इतर उत्पन्न : निल. थकबाकी : निल. पण 'धर्म' या रकान्यापुढे 'निल' लिहिलेला कागद एवढ्या वर्षांत माझ्या टेबलावर एकदाही आला नाही. नास्तिक माणसं मला भेटली नाहीत असं नाही, भरपूर भेटली. पण फॉर्म भरताना तीसुद्धा 'हिंदू' लिहून सही करतात. मीही त्यावर कधी विचार केला नव्हता.

ऑगस्ट २०२३ मध्ये एका प्रशिक्षणासाठी हैदराबादला जायचा योग आला. चार दिवसांचं प्रशिक्षण, संध्याकाळ मोकळी. चारमिनार आणि बिर्याणी पहिल्याच दिवशी उरकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सिकंदराबादेत राहणाऱ्या एका जुन्या मित्राकडे गेलो. आम्ही मडगावला बी.ए.ला एका बाकावर होतो. तो सासष्टीतल्या एका गावचा, कॅथलिक घरातला. लहानपणी इगर्जीत मिसेला मदत करणारा, लादाईन तोंडपाठ असणारा पोरगा. कॉलेजात असतानाच त्याचा विश्वास उडाला. कुणाशी भांडून नाही, कुठल्या पाद्रीने काही वाईट केलं म्हणूनही नाही. एक दिवस प्रार्थना करताना आपण कुणाशीच बोलत नाही आहोत असं त्याला वाटलं आणि ते वाटणं नंतर गेलंच नाही, एवढंच तो सांगतो. त्याचं वाक्य मला अजून आठवतं : "हांव देवाक मानिना, पूण फेस्ताक येतलों." आणि तो फेस्ताला यायचाही, सोरपोतेल खायला सगळ्यात पुढे.

नोकरीसाठी तो हैदराबादला गेला आणि तिथलाच झाला. बायको तेलुगू, मेदकच्या बाजूची, माहेर पक्कं ख्रिस्ती. तिच्या मेदकचं कॅथेड्रल तुम्ही चित्रात पाहिलं असेल. चार्ल्स वॉकर पॉस्नेट या मेथडिस्ट मिशनऱ्याने दुष्काळाच्या दिवसांत लोकांना काम आणि धान्य मिळावं म्हणून ते बांधायला घेतलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. २५ डिसेंबर १९२४ ला त्याचं समर्पण झालं. भुकेच्या वेळी ज्याने हाताला काम दिलं त्याच्या देवाला नावं ठेवायला त्या भागात कुणी धजत नाही, आणि का धजावं?

माझ्या मित्राची गंमत अशी, की गोव्यातून तो निघाला तो इगर्जीपासून चार हात लांब राहायला मिळेल म्हणून, आणि जाऊन पडला कुठे, तर तिच्याहून कडक चर्चच्या मांडीवर. सिकंदराबाद ही इंग्रजांची छावणी, १८०६ पासूनची. तिथे ख्रिस्ती वस्ती जुनी आणि दाट. गोव्यातला कॅथलिक रविवारी मिसेला जातो आणि मग दुपारी मासळी खाऊन झोपतो. पण तेलुगू ख्रिस्ती मंडळींचा देव आठवडाभर घरी येतो. आज याच्या घरी प्रार्थना, परवा त्याच्या घरी, उपासाची प्रार्थना वेगळी, रात्रभराची वेगळी. जिन्यात भेटलं की नमस्काराऐवजी 'वंदनालंडी'. पास्टरला 'अय्यगारू' म्हणतात. नवं बिऱ्हाड आलं की पहिला प्रश्न : तुम्ही कोणत्या चर्चला जाता? याने पहिल्यांदा खरं सांगितलं, "कुठल्याच नाही." त्या दिवसापासून त्याच्यासाठी प्रार्थना सुरू झाल्या. त्याच्याच दारासमोर, त्याचं नाव घेऊन, आणि अगदी मनापासून. त्याला ताप आला तेव्हा शेजारच्या बाईंनी तीन दिवस पेज आणून दिली आणि रोज डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. "आता पेज घ्यायची आणि हात झटकायचा, असं कसं करणार रे?" तो म्हणाला.

नास्तिक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सभेत भाषण ठोकणारा, आव्हान देणारा गृहस्थ येतो. माझ्या मित्राची अडचण त्याहून बारीक आहे. त्याला कुणी छळत नाही. त्याच्यावर माया करतात आणि त्या मायेची पावती म्हणून एक 'आमेन' मागतात.

जेवण झाल्यावर त्याने कपाटातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. महिनाभरच झाला होता. १९ जुलै २०२३ ला तेलंगण उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती कन्नेगंटी ललिता यांनी एक निकाल दिला होता. वनपर्ती जिल्ह्यातल्या एका जोडप्याला २०१९ मध्ये मुलगा झाला. त्यांना त्याच्या जन्माच्या नोंदीत धर्म आणि जात लिहायची नव्हती. कोत्तकोटा नगरपालिकेने सांगितलं, रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही. ऑनलाइन अर्जाला तोंड नसतं, त्याच्याशी वादही घालता येत नाही. शेवटी जोडपं कोर्टात गेलं. चार वर्षांनी कोर्टाने सांगितलं, की कुठलाही धर्म न मानण्याचा हक्क घटनेच्या पंचविसाव्या कलमातच आहे, म्हणून अर्जात 'धर्म नाही', 'जात नाही' असा पर्याय ठेवा.

हैदराबादला हा विषय नवा नव्हता. २०१० मध्ये तिथल्याच एका दांपत्याने, तो हिंदू घरात जन्मलेला, ती ख्रिस्ती, आपल्या मुलींच्या शाळेच्या फॉर्मवरून आंध्र उच्च न्यायालयात अर्ज केला होता. मुलींना कोणत्याच धर्माच्या म्हणून वाढवलं, मग शाळेच्या कागदावर खोटं का लिहायचं, हा त्यांचा साधा प्रश्न. माझ्या मित्राचं घर नेमकं त्याच साच्याचं, फक्त दोन्हीकडून ख्रिस्ती. म्हणून ते कात्रण त्याने जपून ठेवलेलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं सुखवस्तू लोकांचे चोचले वाटतील. तेलंगण-आंध्रात धर्माचा रकाना हा पोटाचा रकाना आहे. तिथले बहुसंख्य ख्रिस्ती माला आणि मादिगा या दलित जातींतले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या, १९५६ मध्ये त्यात शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आलेच नाहीत. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्याला तिथे मागासवर्गाच्या 'क' गटात टाकतात आणि त्या गटाला आरक्षण आहे एक टक्का. त्यामुळे कित्येक घरांत रविवारी चर्च आणि कागदावर 'हिंदू'. म्हणजे बघा, एकजण देव मानतो आणि तो कागदावर लपवतो, माझा मित्र देव मानत नाही आणि कागद त्याच्यावर देव चिकटवतो. दोघे एकाच जिन्यात राहतात.

(कारकुनी शंका : त्या आदेशात 'वेगळा धर्म मानणारा' असा शब्दप्रयोग आहे. मग जो कुठलाच धर्म मानत नाही तो वेगळा धर्म मानतो की नाही? मी हे विधी खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "फाइल पाठव." असो.)

तेलुगू मुलखात या कोंडीची सगळ्यात ठळक गोष्ट एका कवीची आहे. गुर्रम जाषुवा. जन्म १८९५, गुंटूर भागातल्या विनुकोंड्याचा. बाप यादव, आई मादिगा, दोघंही ख्रिस्ती झालेले. हिंदूंच्या लेखी हा अस्पृश्य. संस्कृत-तेलुगूचा व्यासंग केला, पुराणांतल्या विषयांवर काव्यं लिहिली, तर चर्चची मंडळी रागावली, की ख्रिस्ताचा माणूस असून हे काय वाचतोस? म्हणजे देवळाचं दार बंद आणि चर्चचं दार आदळलेलं. १९४१ मध्ये त्यांचं 'गब्बिलम' आलं. गब्बिलम म्हणजे वटवाघूळ. एक दलित माणूस आपलं गाऱ्हाणं काशीच्या शिवापर्यंत पोचवायला वटवाघळाला दूत करतो. का, तर देवळात त्याला मज्जाव, वटवाघळाला नाही! कालिदासाने मेघ पाठवला, याने वटवाघूळ. पुढे याच कवीला १९६४ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं ते ख्रिस्ताच्या चरित्रकाव्यासाठी. तोवर ते स्वतःला कुठल्याही एका जातिधर्माचे म्हणवतच नव्हते, 'विश्वनर' म्हणायचे. १९७१ मध्ये वारले.

त्यांची मुलगी हेमलता. तिने लग्न केलं ते लवणमशी, म्हणजे गोरांच्या मुलाशी, १९६० साली. गोरा म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, जन्माने ब्राह्मण, शिकवायचा विषय वनस्पतिशास्त्र आणि आयुष्याचा विषय नास्तिकता. नास्तिक आहे म्हणून १९३३ मध्ये काकिनाड्याच्या कॉलेजातून त्यांची नोकरी गेली. १९४० मध्ये त्यांनी मुदुनुरू या खेड्यात नास्तिक केंद्र काढलं, ते १९४७ मध्ये विजयवाड्याला आलं. मुलांची नावंही पाहा : मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी झालेला तो लवणम, महायुद्धाच्या काळातला तो समरम.

आपल्या मराठी मुलखाशी गोरांचा धागा आहे तो सेवाग्रामचा. गांधी आणि हा नास्तिक यांची चांगली जमली होती. गोरांच्या थोरल्या मुलीचं, मनोरमेचं, अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातल्या अर्जुनरावांशी लग्न ठरलं. ते सेवाग्रामला आपण लावून देऊ असं गांधींनी कबूल केलं, आणि शपथेत ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचं नाव घ्यायलाही ते तयार झाले. ३० जानेवारीला गांधी गेले. लग्न ठरल्याप्रमाणे १३ मार्च १९४८ ला सेवाग्रामलाच झालं. देव वगळून लग्न कसं लावायचं, हा प्रश्न वर्ध्याजवळ सुटलेला आहे, हे मला स्वतःला हैदराबादेत कळलं!

हेमलता पुढे निझामाबाद जिल्ह्यात जोगिणींची प्रथा मोडण्यासाठी राबल्या. आपल्या नांदेडला लागून असलेला हा जिल्हा. २००८ मध्ये त्या गेल्या. पण मला त्यांच्या आयुष्यातली एक साधी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्या ख्रिस्ती घरातून निघून नास्तिक घरात आल्या, म्हणजे पोचायला त्यांना घर होतं. माझ्या मित्राला नाही. गोरांच्या केंद्रात सून होणं वेगळं आणि सिकंदराबादच्या जिन्यात एकट्याने नास्तिक असणं वेगळं.

आता आपल्याकडे येऊ. आपण गोव्यातले हिंदू नास्तिकतेच्या बाबतीत फार लाडावलेले आहोत, असं मला हल्ली वाटतं. माझे एक काका पक्के नास्तिक होते. श्रावणात मासे खायचे, सत्यनारायणाला हसायचे. पण ते आमच्या देवस्थानचे महाजन होते आणि मरेपर्यंत राहिले. १९३३ च्या देवस्थान कायद्यात महाजन होतो तो जन्माने, श्रद्धेचा दाखला कुणी मागत नाही. जत्रेत काका तबल्याला बसायचे, देवीपुढे, डोळे मिटून. कुणाला त्यात विसंगती दिसली नाही. आपल्यात आत यायचं दार नाही, म्हणून बाहेर जायचंही नाही. बसला आहे कोपऱ्यात, बसू दे. (जातीचं कुंपण मात्र आहे, आणि ते नास्तिकालाही सुटत नाही. काकांनी मुलीचं लग्न बघताना काय काय बघितलं ते मला माहीत आहे.)

कॅथलिकांचं तसं नाही. तिथे माणूस नोंदीने आत येतो. बाप्तिस्म्याची नोंद, मग क्रिस्माची, लग्नाची, शेवटी मरणाची. सगळी इगर्जीच्या वहीत. वही ठेवणाऱ्या माणसाला, म्हणजे मला, त्यांचं कौतुकच वाटतं. पण नाव आत गेलं की बाहेर काढायची सोय आहे का? माझ्या मित्राने ते शोधून काढलं होतं. १९८३ च्या चर्चसंहितेत 'रीतसर चर्च सोडण्याचा' उल्लेख लग्नाच्या काही कलमांत होता. ऑक्टोबर २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी एका आदेशाने तोही काढून टाकला. चर्चच्या मते एकदा बाप्तिस्मा झालेला माणूस मानो वा न मानो, बाप्तिस्मा झालेलाच. आणि त्याच संहितेचं ११८४ वं कलम सांगतं, की उघडपणे श्रद्धा सोडलेल्याने मरण्यापूर्वी पश्चात्तापाची काही खूण दाखवली नसेल तर त्याला चर्चचे अंत्यविधी द्यायचे नाहीत. म्हणजे सोडता येत नाही, पण सोडल्याची शिक्षा आहे. आमच्या सेवानियमांतसुद्धा असं कलम सापडायचं नाही!

हे नुसतं कागदावरचं नाही. केरळातले मोठे मल्याळी समीक्षक एम. पी. पॉल यांचं चर्चशी बिनसलं होतं. १९५२ मध्ये ते वारले तेव्हा त्यांना दफनभूमीत सगळ्यांबरोबर जागा मिळाली नाही. तिरुवनंतपुरमला पाट्टूरच्या दफनभूमीत वाया गेलेल्यांसाठी जो वेगळा कोपरा होता, त्यात त्यांना पुरलं. 'तेम्माडिकुळी' असा शब्दच आहे त्याला. मुंबईत २०१२ मध्ये विलेपार्ल्याजवळ इर्ल्याच्या वेलंकणी चर्चमध्ये क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं आणि गर्दी जमली. बुद्धिवादी सनल एडमरुकू यांनी जाऊन पाहिलं आणि तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून वर चढतंय असं सांगितलं. मुंबईतल्या कॅथलिक संघटनांनी दंडसंहितेच्या २९५-अ कलमाखाली तक्रारी केल्या. ते त्याच वर्षी फिनलंडला निघून गेले. ते स्वतः केरळातले, वडील जोसेफ एडमरुकू जन्माने सिरियन ख्रिस्ती, पुढे नामांकित नास्तिक.

मग मी त्याला म्हटलं, "अरे, पण आपल्या सासष्टीत एक होता की!" तो हसला. त्याला माहीत होतं मी कुणाबद्दल बोलतोय.

चांदरचा तो प्रचंड वाडा तुमच्यापैकी बहुतेकांनी बाहेरून तरी पाहिला असेल. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, भोज-कदंबांचं. इगर्जीसमोरच्या त्या वाड्याचे दोन भाग आहेत, मधून जिना. पूर्वेकडचा भाग ब्रागांझा परेरांचा. त्यांच्या खाजगी कपेलात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या बोटाचं नख जपून ठेवलेलं आहे, हिऱ्यांनी मढवलेलं. पश्चिमेकडचा भाग मिनेझिस ब्रागांझांचा. तिथे सुमारे पाच हजार पुस्तकं. एका छपराखाली एकीकडे संताचं नख आणि दुसरीकडे गोव्यातल्या सगळ्यात निर्भीड मुक्तचिंतकाचं ग्रंथालय. मी दोन्ही पाहिली आहेत. नख बघायला रांग होती, पुस्तकांच्या कपाटांपुढे मी एकटा.

लुईस द मिनेझिस ब्रागांझा, जन्म १५ जानेवारी १८७८. बाविसाव्या वर्षी, १९०० मध्ये, मेसियश गोमिशांबरोबर 'ओ एराल्दो' काढलं, गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक. १९१० मध्ये पोर्तुगालात राजा गेला, प्रजासत्ताक आलं, धर्म आणि सरकार वेगळं करण्याचा कायदा एप्रिल १९११ मध्ये झाला. त्याच १९११ मध्ये यांनी 'ओ देबात' सुरू केलं आणि पाद्रीशाहीवर लेखणी चालवली. प्रजासत्ताकाने आपल्या लोकांना, म्हणजे गोव्यातल्या हिंदूंना, नागरी समानता दिली तेव्हा तिच्या बाजूने बोलणाऱ्या कॅथलिकांत हे पुढे होते. १९२८ मध्ये काढलेल्या पोर्तुगीज साप्ताहिकाचं नाव त्यांनी ठेवलं 'प्रकाश'. ४ जुलै १९३० ला सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध विधिमंडळात उभं राहून गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव त्यांनीच मांडला. १० जुलै १९३८ ला गेले. पणजीतल्या वास्को द गामा संस्थेला १९६३ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं, ती आजची मिनेझिस ब्रागांझा संस्था. आपण कवितावाचनाला तिथे जातो आणि निळ्या टाइल्स बघून येतो.

आपण मराठी लेखकांनी त्यांच्यावर जे लिहिलं ते बहुतेक स्वातंत्र्याचे अग्रदूत म्हणून. ते बरोबरच आहे. पण मला वाटतं सालाझारला तोंड देण्यापेक्षा चांदरला, रोज सकाळी घंटा ऐकू येणाऱ्या वाड्यात, गावाशी संबंध न तोडता मुक्तचिंतक म्हणून जगणं जास्त कठीण असेल. सालाझार लिस्बनला होता, इगर्ज दारात. अर्थात त्यांच्याकडे वाडा होता. भाटकाराचा नास्तिकपणा गाव 'विद्वान आहेत' म्हणून चालवून घेतं, मुंडकाराचा घेत नाही. हे माझं नाही, मित्राचं म्हणणं. त्याचे आजोबा मुंडकार होते.

वाडा नसलेल्यांसाठी शेवटी कोर्टच कामाला आलं, आणि तेही आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचं. महाराष्ट्रातल्या तिघांनी सरकारी मुद्रणालयाकडे अर्ज केला, की आम्ही येशूला मानतो पण ख्रिस्ती धर्माला किंवा कुठल्याच धर्माला मानत नाही, तेव्हा राजपत्रात आमचा धर्म 'नाही' असा छापा. मुद्रणालयाने नाकारलं. २३ सप्टेंबर २०१४ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि अतुल चांदूरकर यांनी निकाल दिला : आपला कुठलाही धर्म नाही असं सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि कुठलंही सरकारी खातं कुणालाही धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही. त्याच न्यायालयाचं खंडपीठ आपल्याकडे पर्वरीला आहे, म्हणजे गोव्यातल्या कचेरीलाही हा निकाल लागू. मी नऊ वर्षं त्याच कायद्याखाली काम करत होतो आणि मला पत्ता नव्हता. आमच्याकडे तसं परिपत्रक आलेलं मला आठवत नाही.

२०११ च्या जनगणनेत साधारण तेहतीस हजार लोकांनी स्वतःला नास्तिक लिहवून घेतलं. एकशे एकवीस कोटींत तेहतीस हजार! सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, ९,६५२. दुसरा नंबर मेघालयाचा, ९,०८९. मेघालय हे ख्रिस्ती बहुसंख्य राज्य. हा आकडा सांगितल्यावर मित्राचा चेहरा खुलला. "म्हणजे माझी माणसं शिलाँगला आहेत तर," तो म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा गेलो, कारण काम निघालं होतं. त्याची मुलगी दहावीत. शाळेने परीक्षेच्या फॉर्मात आडनाव बघून धर्माच्या रकान्यात 'ख्रिश्चन' घालून टाकलं होतं. दुरुस्तीचा अर्ज लिहायचा होता. "तू कारकून, तूच लिही." मी लिहिला. संदर्भ एक, मुंबई उच्च न्यायालय २०१४. संदर्भ दोन, तेलंगण उच्च न्यायालय २०२३. विषय, मागणी, सहपत्रं. इतका मन लावून मी स्वतःच्या बढतीचाही अर्ज लिहिला नव्हता.

मुलगी बाजूला बसून वाचत होती. म्हणाली, "अंकल, पण आजीनं केलं त्याचं काय?"

मला काही कळेना. मग मित्राने सांगितलं. मुलगी दोन महिन्यांची असताना त्याची आई सासष्टीहून महिनाभर राहायला आली होती. नात बाप्तिस्म्यावाचून राहणार या विचाराने तिला झोप लागत नव्हती. एक दिवस न्हाणीघरात पोरीला आंघोळ घालताना तिने तांब्यातलं पाणी तिच्या डोक्यावर तीनदा ओतलं, तिन्ही नावं घेतली आणि झालं. चर्चच्या शिकवणीप्रमाणे अडीअडचणीला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. अडचण नसताना देऊ नये, पण पाणी आणि शब्द बरोबर असले की तो बाप्तिस्मा लागू होतो. सहा वर्षं ती गप्प राहिली. मग एका मे महिन्यात गावी, नातीलाच कानात सांगितलं, आणि नातीने बापाला.

"तू रागावला नाहीस?" मी विचारलं.

"रागावलो. दोन दिवस बोललो नाही. मग वाटलं, तिला खरंच वाटत होतं की पोर अंधारात राहील. तिने स्वतः पाप पत्करून पोरीला वाचवलं. माझ्यासाठी कुणी एवढं केलंय?" थोडं थांबून म्हणाला, "आणि कुठल्या वहीत नोंद नाही ना. तू सांग, नोंद नसली तर झालं म्हणायचं की नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जन्ममृत्यूच्या नोंदीत उशिरा नोंदीची सोय आहे, दंड भरून. हे कुठल्या कलमात बसवणार? मुलीने मात्र अर्ज उचलला, पुन्हा एकदा वाचला आणि बापाच्या सहीखाली स्वतःचीही सही केली. तशी गरज नव्हती, पण मी खोडली नाही.

दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन आला. अर्ज तीन टेबलांवर फिरला. 'ख्रिश्चन' काढलं. पण 'धर्म नाही' असं घालायला त्यांच्या कॉम्प्युटरात जागाच नव्हती, म्हणून 'अन्य' घातलंय. परीक्षा जवळ आली, त्याने ते घेतलं. पुढच्या फॉर्मला बघू म्हणाला.

ते कात्रण आता त्याने प्लास्टिकच्या पाकिटात घातलंय. आई ऐंशीच्या पुढे आहे, अजून रोज संध्याकाळी तेर्स म्हणते आणि त्यात हैदराबादच्या तिघांची नावं घेते. फॉर्मातल्या दुरुस्तीचं तिला कुणी सांगितलेलं नाही.